मद्यार्कमिश्रित पेट्रोल आणि लहान यंत्रें



पावसाळा सरत आला म्हणजे बागेंत, शेताच्या बांधावर, किंवा बंगल्याच्या आवारांत एक प्रसंग हटकून पाहावयास मिळतो. माजलेलें रान कापण्यासाठीं मालक गेल्या वर्षीं बांधून ठेवलेलें गवत कापण्याचें यंत्र बाहेर काढतो. दोरी दहा वेळां ओढतो, वीस वेळां ओढतो. यंत्र एक-दोनदां खोकल्यासारखा आवाज करतें आणि गप्प बसतें. अखेरीस त्याची रवानगी कारागिराकडे होते. कारागीर कार्ब्युरेटर उघडतो, आंत सांचलेली पांढरट भुकटी व चिकट पिंगट थर दाखवितो आणि म्हणतो, "पेट्रोल बाधलें." मालकाला नवल वाटतें; कारण त्याच पंपावरच्या त्याच पेट्रोलावर त्याची मोटार विनातक्रार धांवत असते.

एकाच पेट्रोलावर मोटार सुखानें चालावी आणि हातांत धरण्याचें यंत्र आजारी पडावें, असें कां? या प्रश्नाचें अर्धें उत्तर रसायनशास्त्रांत आहे आणि अर्धें इतिहासांत आहे. रसायनशास्त्राचा भाग लहान आहे. तो ओघानें येईलच. इतिहासाचा भाग मात्र क्वचित् सांगितला जातो, म्हणून आज मी आपणांस मुख्यतः तोच सांगणार आहें.

पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, पेट्रोलांत मद्यार्क, ज्याला आपण आज इथेनॉल म्हणतों, तो मिसळण्याची कल्पना गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली आहे. वस्तुतः ज्वलनयंत्राच्या बाळपणापासून मद्यार्क त्याच्या सोबतीला आहे. अमेरिकेंत सॅम्युएल मोरी या गृहस्थानें १८२६ सालीं ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, तें टर्पेंटाइन व मद्यार्क यांच्या वाफेवर चालावयाचें होतें. जर्मनींत निकोलाउस ऑटो यानें १८६० च्या सुमारास जे आरंभींचे प्रयोग केले, त्यांतहि मद्यार्कच वापरला होता. पेट्रोलाला त्या काळीं इंधन म्हणून मान नव्हता. घासलेट गाळतांना निघणारा, चटकन् पेट घेणारा असा तो एक नकोसा अंश होता.

मग मद्यार्क मागें कां पडला? याचें कारण यंत्रांत नसून करांत आहे. १८६२ सालीं यादवी युद्धाचा खर्च भागविण्यासाठीं अमेरिकन सरकारनें मद्यार्कावर कर बसविला, आणि तो वाढत वाढत गॅलनमागें दोन डॉलरांपर्यंत गेला. पिण्याच्या दारूवर कर असावा हें समजण्यासारखें आहे. परंतु दिव्यांत जाळावयाच्या मद्यार्कालाहि तोच कर लागू झाला. तोंवर त्या देशांत टर्पेंटाइन व मद्यार्क यांच्या मिश्रणाचे दिवे घरोघर जळत असत. ते विझले, आणि त्यांच्या जागीं घासलेट आलें. उद्योगधंद्यांत लागणाऱ्या मद्यार्कावरचा हा कर उठविण्याचा कायदा १९०६ सालीं झाला व १९०७ च्या १ जानेवारीपासून अमलांत आला. पण मधल्या पंचेचाळीस वर्षांत खनिज तेलाच्या व्यापाराचें जाळें देशभर पसरून चुकलें होतें. हेन्री फोर्डसारखा मोटारीचा कारखानदार १९२५ सालींदेखील मद्यार्काला भविष्यकाळचें इंधन म्हणत होता. तरी बाजार पेट्रोलाचाच राहिला.

ज्या देशांत तेलाच्या खाणी नव्हत्या, त्यांची गोष्ट निराळी होती. फ्रान्सनें १९२३ सालीं कायदा करून पेट्रोल आयात करणाऱ्यांवर मद्यार्क विकत घेण्याची सक्ती केली. ब्राझिलनें १९३१ सालीं आयात पेट्रोलांत शेंकडा ५ मद्यार्क मिसळण्याचा हुकूम काढला. फ्रान्सपुढें शेतांत पिकलेल्या बीटाचा व द्राक्षांचा प्रश्न होता, ब्राझिलपुढें उंसाचा. इंधनाविषयींच्या कायद्यांच्या मुळाशीं शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळवून देण्याची निकड पुष्कळदां असते. ही निकड खोटी नाहीं, आणि तिला नांवें ठेवण्याचेंहि कारण नाहीं. पण यंत्राला काय मानवेल, हा प्रश्न तिच्यामुळें दुसऱ्या क्रमांकावर जातो, एवढें ध्यानांत ठेवावें.

आपल्या देशांतहि असेंच घडलें. १९३२ सालीं साखरेच्या धंद्यास जकातीचें संरक्षण मिळालें, आणि तीस-बत्तीस कारखान्यांचे पांच-सहा वर्षांत सव्वाशेंहून अधिक कारखाने झाले. साखर निघाली, तशी मळीहि निघाली. ती टाकावी कोठें, हा प्रश्न उभा राहिला, आणि मळीपासून मद्यार्क काढून तो मोटारींत जाळावा, ही सूचना पुढें आली. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलाची टंचाई इतकी झाली कीं, कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर दिसूं लागल्या. पुढें १९४८ सालीं मध्यवर्ती सरकारनें पॉवर अल्कोहोलसंबंधीं स्वतंत्र कायदाच केला. युद्धानंतर पेट्रोल पुन्हां मुबलक मिळूं लागल्यावर तो मागें पडला, आणि २००० सालीं रद्दहि झाला.

आतां दुसऱ्या बाजूचा, म्हणजे लहान यंत्रांचा इतिहास पाहूं. हिरवळ कापण्याचें यंत्र इंग्लंडांत एडविन बडिंग यानें १८३० सालीं शोधून काढलें. तें हातानें ढकलावयाचें होतें. इप्स्विच येथील रॅन्सम्स कंपनीनें १९०२ सालीं त्याला पेट्रोलचें इंजिन जोडून तें बाजारांत आणलें. जर्मनींत आंद्रेआस श्टील यानें १९२९ सालीं झाडें तोडण्याची पेट्रोलवर चालणारी सांखळी-करवत तयार केली. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें १९५२ सालीं मर्व्हिन रिचर्डसन यानें आपलें पहिलें हलकें हिरवळ-यंत्र जोडलें, तेव्हां पेट्रोलाची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा वापरला होता. १९७१ सालीं अमेरिकेंत ह्यूस्टन येथील जॉर्ज बॅलस यानें मोटारी धुण्याच्या यंत्राचे गरगर फिरणारे कुंचले पाहून तशाच फिरत्या दोऱ्यानें गवत छाटण्याची युक्ति काढली. आज आपल्याकडे ज्याला सर्रास ग्रासकटर म्हणतात, त्याच्या घराण्याचा हा मूळपुरुष म्हणावयास हरकत नाहीं.

या सर्व यंत्रांत एक गोष्ट समान आहे. तीं हलकीं हवींत, स्वस्त हवींत, आणि बांधणीनें साधीं हवींत. त्यामुळें त्यांत वजनदार लोखंडाऐवजीं अॅल्युमिनियम व जस्त यांच्या मिश्रधातू आल्या. पंपाचें काम रबराचा एक पातळ पडदा करूं लागला. पुष्कळ यंत्रांत वंगणाचें तेल निराळ्या टाकींत न ठेवतां पेट्रोलांतच मिसळण्याची सोय झाली. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पेट्रोल किती व हवा किती, हें ठरविण्याचें काम कार्ब्युरेटरांतील केंसाएवढ्या बारीक छिद्रावर सोंपविण्यांत आलें. हें छिद्र आंधळें आहे. टाकींत कोणतें इंधन आहे, हें त्याला कळत नाहीं.

मोटारीचें तसें राहिलें नाहीं. धुराचे नियम कडक झाल्यावर, १९७० नंतरच्या दशकांत, मोटारीच्या धुराड्यांत प्राणवायु मोजणारें एक उपकरण बसविण्यास सुरुवात झाली. इंधनांत फरक पडला तर तें उपकरण ओळखतें, आणि त्याप्रमाणें पेट्रोलाचें मान आपोआप कमी-अधिक होतें. मोटारीला जीभ आली. लहान यंत्र बिनजिभेचेंच राहिलें. इंधन तेवढें दोघांना एकाच नळींतून मिळत राहिलें.

आतां या दोन इतिहासांची गांठ कोठें पडली तें पाहूं. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली. ब्राझिलनें १९७५ सालीं उंसाच्या मद्यार्काची राष्ट्रीय योजना हातीं घेतली. परंतु त्याबरोबर मोटारीहि बदलल्या, आणि १९७९ पासून निव्वळ मद्यार्कावर चालणारी मोटार तेथें विक्रीस आली. अमेरिकेंत मक्यापासून काढलेला मद्यार्क शेंकडा १० या प्रमाणांत पेट्रोलांत मिसळूं लागले व त्या मिश्रणाला गॅसोहोल असें नांव पडलें. १९७८ सालीं तेथील सरकारनें त्याला गॅलनमागें ४ सेंटांचा पेट्रोल-कर माफ केला. त्याच सालीं या मिश्रणाला परवानगी मिळावी म्हणून पर्यावरण संरक्षण खात्याकडे अर्ज आला होता. कायद्याप्रमाणें खात्यानें १८० दिवसांत होय किंवा नाहीं सांगावयास हवें होतें. खात्यानें कांहींच सांगितलें नाहीं, आणि मुदत संपतांच परवानगी मिळाल्याचें कायद्यानें धरलें गेलें. जें मिश्रण पुढें कोट्यवधि यंत्रांच्या टाक्यांत गेलें, तें सरकारदरबारीं असें मौनाच्या दारानें आंत आलें.

तरीहि बराच काळ गॅसोहोल कांहीं ठिकाणींच मिळत असे. पेट्रोलांतलें शिसें काढल्यावर त्याच्या जागीं एम. टी. बी. ई. नांवाचें दुसरें द्रव्य वापरांत आलें होतें. परंतु तें भूमिगत टाक्यांतून झिरपून विहिरींचें पाणी नासवूं लागलें. कॅलिफोर्नियांतील सांता मोनिका शहराला १९९६ सालीं या कारणानें आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या. तें द्रव्य गेलें, आणि २००५ व २००७ च्या कायद्यांनीं जैविक इंधन वापरणें तेल-कंपन्यांना बंधनकारक केलें. थोड्याच वर्षांत अमेरिकेंतील जवळजवळ सर्व पेट्रोलांत शेंकडा १० पर्यंत मद्यार्क आला. मोटारवाल्यांना फारसें कळलेंहि नाहीं. कळलें तें हिवाळा संपल्यावर हिरवळ-यंत्राची दोरी ओढणाऱ्याला, आणि तें यंत्र दुरुस्त करणाऱ्याला.

त्याच्या यंत्रांत घडत काय होतें? येथें रसायनशास्त्राकडे थोडें वळावें लागतें.

पहिला दोष पाण्याचा. पावसाळ्यांत मीठ पाझरतें, गुळाला पाणी सुटतें, हें आपण घरांत पाहतों. मद्यार्काचा स्वभाव तसाच आहे. साध्या ऊर्ध्वपातनानें शंभरांत पंचाण्णव-शहाण्णव भागांहून शुद्ध मद्यार्क निघत नाहीं. उरलेलें पाणी काढण्यास निराळी क्रिया करावी लागते, इतका तो पाण्याला धरून असतो. असा मद्यार्क पेट्रोलांत मिसळला, कीं तें पेट्रोलहि थोडेंसें पाणी पोटांत घेऊं लागतें. शेंकडा १० मद्यार्काचें मिश्रण साधारण थंड हवेंत लिटरमागें सुमारें ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, पाणी सामावून घेतें. तेवढ्यावर यंत्र चालतें. पण त्याहून अधिक पाणी झालें, किंवा गारठा पडला, तर मद्यार्क व पाणी दोन्ही मिळून पेट्रोलाची संगत सोडतात आणि टाकीच्या तळाशीं जाऊन बसतात. मद्यार्काचें प्रमाण अधिक असेल, तर पाणी सोसण्याची शक्तीहि अधिक असते. पण एकदां फूट पडली, कीं तळाचा थरहि मोठा असतो. मोटार रोज धांवते, तिची टाकी आठवड्या-पंधरवड्यांत नवी होते. म्हणून तिला ही व्याधि सहसा जडत नाहीं. लहान यंत्र वर्षांतले आठ-दहा महिने कोपऱ्यांत उभें असतें. शिवाय ज्या यंत्रांत वंगण पेट्रोलांतच मिसळलेलें असतें, त्यांत धोका अधिक. कारण वंगण वरच्या पेट्रोलाबरोबर राहतें आणि तळांतून इंजिनांत जाणारा थर कोरडा असतो. बिनवंगणाचें इंजिन काय होतें, तें सांगावयास नकोच.

दुसरा दोष विरघळविण्याचा व गंजण्याचा. मद्यार्क हा उत्तम द्रावक आहे. जुन्या टाकीच्या अंगाला चिकटलेला मळ तो सोडवितो, आणि तो मळ त्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व पडदे त्यानें प्रथम फुगतात, मग ताठरतात व चिरतात. पाण्याची साथ मिळाली, कीं अॅल्युमिनियम, जस्त व पितळ यांवर त्याचा परिणाम होऊन ती पांढरट भुकटी तयार होते. नव्या यंत्रांत याला दाद न देणारें रबर वापरतां येतें व वापरतातहि. पण जुन्या यंत्रांना तें कोण बसविणार?

तिसरा दोष हवेचा. पेट्रोलाच्या एका भागाला जळण्यासाठीं वजनानें सुमारें १४·७ भाग हवा लागते. मद्यार्काच्या एका भागाला सुमारें ९ भागच पुरते, कारण त्याच्या घटनेंतच प्राणवायु असतो. छिद्र तेवढेंच ठेवून त्यांतून मद्यार्कमिश्रित इंधन सोडलें, तर हवा प्रमाणाबाहेर होते. इंजिन अधिक तापतें, आणि काम नसतांनाहि जरुरीपेक्षां जलद फिरूं लागतें. भरींत भर म्हणजे, १९९७ पासून अमेरिकेंत लहान इंजिनांच्या धुरालाहि नियम लागू झाले आणि त्यांचीं छिद्रें मुळांतच कांटेकोर झालीं. चूक सोसण्यास त्यांत पूर्वींएवढी जागाच उरली नाहीं.

येथें न्यायबुद्धीनें हें सांगितलें पाहिजे कीं, सर्व अपराध मद्यार्काच्या माथीं मारणें बरोबर नाहीं. मद्यार्क नसलेलें पेट्रोलहि महिनोगणती उभें राहिलें, कीं शिळें होतें व डिंकासारखा थर धरतें. शेंकडा १० पर्यंतचें मिश्रण पुष्कळ कारखानदारांनीं आपल्या माहिती-पुस्तकांत मान्य केलें आहे, आणि तें ताजें असतांना यंत्रें वर्षानुवर्षें नीट चालतात. शिवाय पेट्रोल एकाएकीं धडधड पेटण्याचा जो दोष, तो मद्यार्कानें कमी होतो, हा गुण नाकारतां येणार नाहीं. खरा प्रश्न प्रमाण वाढूं लागल्यावर उभा राहिला.

२००९ सालीं अमेरिकेंतील मद्यार्क-उत्पादकांनीं शेंकडा १० ऐवजीं शेंकडा १५ ची परवानगी मागितली. या वेळीं मात्र खातें मौन राहिलें नाहीं. टेनेसी संस्थानांतील ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेचा एक प्राथमिक अहवाल २००८ सालींच प्रसिद्ध झाला होता. मोटारींबरोबर लहान यंत्रांवरहि त्यांत चांचण्या घेतल्या होत्या. मद्यार्काचें प्रमाण वाढलें तशी लहान इंजिनांची उष्णता वाढली. आणि हातांत धरण्याच्या गवत-छाटणी यंत्रांपैकीं कांहींत, इंजिन नुसतें चालूं ठेवलें असतांहि त्याची गति इतकी वाढली कीं, तुटक जोडणी आपोआप जुळली. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. अशा यंत्रांत ठराविक गतीपलीकडे गेल्यावरच पातें फिरावें अशी योजना असते. मनुष्यानें बोट काढून घेतलें आहे, पातें थांबलें असेल अशी त्याची खात्री आहे, आणि पातें मात्र फिरत आहे! हा प्रश्न आतां दुरुस्तीच्या खर्चाचा राहिला नव्हता, हातापायांचा झाला होता.

खात्यानें २०१० च्या ऑक्टोबरांत व २०११ च्या जानेवारींत असा निर्णय दिला कीं, २००१ व त्यानंतरच्या मोटारींना शेंकडा १५ चें मिश्रण चालेल. जुन्या मोटारी, मोटार-सायकली, नौका व लहान यंत्रें यांना चालणार नाहीं. विक्रीच्या पंपावर तशी ठळक चिठ्ठी लावण्याचा नियमहि झाला. लहान यंत्रांच्या कारखानदारांना हें पुरेसें वाटलें नाहीं. मनुष्य मोटारींत पेट्रोल भरतां भरतां त्याच नळीनें आपला डबाहि भरतो, चिठ्ठी कोण वाचतो, असें त्यांचें म्हणणें. प्रकरण न्यायालयांत गेलें. पण २०१२ सालीं, दाद मागण्याचा अधिकार या फिर्यादींना पोंचत नाहीं या मुद्यावर तें काढून टाकण्यांत आलें. मूळ शंकेचें उत्तर त्या निकालांत मिळालें नाहीं.

तथापि त्या चिठ्ठीचें महत्त्व मी कमी लेखीत नाहीं. ज्या यंत्रांना १९७८ सालीं कोणी विचारलें नव्हतें, त्यांचें नांव सरकारी फलकावर आलें. युरोपांतहि असाच विचार झाला. जर्मनींत २०११ सालीं शेंकडा १० चें मिश्रण आलें, तेव्हां शेंकडा ५ चें पेट्रोल पंपावर शेजारींच ठेवलें होतें. ब्रिटननें सप्टेंबर २०२१ मध्यें तेंच केलें. जुन्या गाड्यांसाठीं व यंत्रांसाठीं शेंकडा ५ पर्यंतच्या मिश्रणाचें उंची पेट्रोल चालूं ठेवलें. नवें आणतांना जुन्यासाठीं एक वाट मोकळी ठेवावी, हें शहाणपण अनुभवानें आलें होतें.

आपल्या देशांत या प्रकरणाचा नवा अध्याय महाराष्ट्रांतच सुरू झाला. २००१ सालीं ज्या तीन ठिकाणीं मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प हातीं घेण्यांत आले, त्यांपैकीं मिरज व मनमाड हीं दोन आपलीं, आणि तिसरें उत्तर प्रदेशांतील बरेली. २००३ पासून कांहीं राज्यांत शेंकडा ५ मिश्रण सुरू झालें. पुढें बरीच वर्षें गति मंद होती; पण २०२२ च्या जूनमध्यें शेंकडा १० चा टप्पा गांठला गेला, २०२३ च्या फेब्रुवारींत शेंकडा २० चें पेट्रोल विक्रीस आलें, आणि २०२५ सालीं देशभर शेंकडा २० चें लक्ष्य साध्य झालें. अमेरिकेला जो पल्ला गांठण्यास दशकें लागलीं, त्याच्या पुढचा टप्पा आपण तीन वर्षांत गांठला. याचा लाभ खरा आहे. परदेशीं तेलाचें देणें कमी होतें, कारखान्यांच्या हातीं पैसा येतो, आणि तो उंसाच्या बिलाच्या रूपानें शेतकऱ्यापर्यंत पोंचतो.

२०२१ सालीं सरकारनें प्रसिद्ध केलेल्या आराखड्यांतच असें नमूद आहे कीं, निव्वळ पेट्रोलासाठीं बांधलेल्या व शेंकडा १० मिश्रणास जुळविलेल्या चारचाकी गाड्यांना शेंकडा २० च्या मिश्रणावर ६ ते ७ टक्के कमी मजल मिळेल, व तशा दुचाक्यांना ३ ते ४ टक्के कमी. मद्यार्काच्या लिटरांत पेट्रोलाच्या सुमारें दोन-तृतीयांशच उष्णता असल्यानें हें अपरिहार्य आहे. २०२५ सालीं यावर बराच वाद झाला. मद्यार्करहित पेट्रोलाचा पर्याय मिळावा, अशी एक याचिका सर्वोच्च न्यायालयांत आली. ती त्याच वर्षाच्या १ सप्टेंबरला फेटाळली गेली. हा सारा वाद मुख्यतः मोटारींचा व दुचाक्यांचा होता. फवारणीचा पाठीवरचा पंप, ग्रासकटर, चेनसॉ, पाणी उपसण्याचें लहान इंजिन, यांचा उल्लेख त्यांत क्वचितच आला. अमेरिकेंत शेंकडा १५ ला ज्यांना मनाई झाली, तींच हीं यंत्रें आपल्याकडे शेंकडा २० वर चालत आहेत.

मग गृहस्थानें काय करावें? उपाय साधे आहेत. यंत्राबरोबर आलेल्या माहिती-पुस्तकांत मद्यार्काची कोणती मर्यादा दिली आहे, तें प्रथम पाहावें. नवें यंत्र घेतांना शेंकडा २० चालतें काय, हें विचारूनच घ्यावें. पेट्रोल महिन्याभरांत संपेल इतकेंच आणावें, आणि घट्ट झांकणाच्या योग्य डब्यांत, चुलीपासून व राहत्या खोलीपासून दूर ठेवावें. हंगाम संपतांच टाकी रिकामी करावी, आणि कार्ब्युरेटरांतला शेवटचा थेंब जळून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत तें चालवावें. वंगण मिसळलेलें पेट्रोल भरण्यापूर्वीं डबा चांगला हालवावा. नळ्या ताठरल्या असतील तर वेळींच बदलाव्या. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, इंजिन मंद चालत असतांना पातें फिरत नाहीं ना, हें प्रत्येक वेळीं पाहावें. फिरत असेल, तर तें यंत्र दुरुस्त झाल्यावांचून हातांत घेऊं नये.

परंतु गृहस्थानें काळजी घेतली म्हणजे राज्यकर्त्यांचें काम संपलें, असें नाहीं. मद्यार्क हा वाईट नव्हे. ब्राझिलनें त्याच्यासाठीं इंजिन बदललें, तेव्हां तें उत्तम चाललें. वाईट आहे ती विजोड संगत. इंधन बदलावयाचें, तर यंत्रहि बदलावें लागतें. आणि तें लगोलग बदलणें शक्य नसेल, तर जुन्या यंत्रासाठीं निदान एक नळी निराळी ठेवावी, पंपावर स्पष्ट फलक असावा, आणि कारागिरांना याचें शिक्षण मिळावें. एवढें झालें तर पुष्कळ अनर्थ टळेल.

आपल्या महाराष्ट्रांत तर या प्रश्नाचे दोन्ही पक्ष एकाच घरांत नांदतात. ज्या शेतकऱ्याचा ऊंस कारखान्यांत जातो, त्याच्याच गोठ्याच्या खुंटीला फवारणीचा पंप टांगलेला असतो. उंसाच्या बिलांत त्याला चार पैसे अधिक मिळाले, आणि ऐन फवारणीच्या दिवशीं पंप बंद पडून त्याचें पीक गेलें, तर त्याच्या पदरांत काय पडलें? हा हिशेब त्याच्या बाजूनें कोणी तरी मांडावयास हवा, एवढेंच आपणांस सुचवून मी आपली रजा घेतों.